सूत्रातले तीन वाटेकरी

छापील पुस्तकाच्या मांडणीत कागदाचा आकार आधी ठरतो. डेमी म्हटले की डेमी, क्राउन म्हटले की क्राउन. समास किती, ओळीची लांबी किती, टाइप किती पॉइंटचा, हे सगळे त्या आकाराच्या हिशेबाने एकदा बसवायचे आणि यंत्रावर चढवायचे. वेब पानाची गोष्ट निराळी आहे. ते पान ज्या पडद्यावर उघडणार तो पडदा लिहिणाऱ्याने पाहिलेलाच नसतो. तो ३६० पिक्सेल रुंदीचा फोन असेल किंवा २५६० पिक्सेलचा मॉनिटर असेल. वाचकाने फोन आडवा धरला असेल. नजर अधू असल्यामुळे ब्राउझरमधल्या अक्षरांचा मूळ आकार त्याने दीडपट करून ठेवला असेल. यांतले काहीच आधी माहीत नसताना पानाचे रूप लिहून ठेवायचे, हे स्टाइलशीटचे काम. त्यामुळे तिथे लिहिण्यासारखे दोनच प्रकार उरतात: एक तर पक्का आकडा, नाही तर आकड्याआकड्यांमधले नाते. हे पुस्तक दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. सीएसएसमध्ये आता बेरीज-वजाबाकीपासून साइन-कोसाइनपर्यंत, घातांकापासून पूर्णांकनापर्यंत गणिती फंक्शने लिहिता येतात. त्यांची उत्तरे लेखकाच्या संगणकावर निघत नाहीत. पान उघडते त्या क्षणी वाचकाच्या ब्राउझरमध्ये ती निघतात.

या फंक्शनांबद्दल सर्रास एक मत ऐकू येते. सीएसएस ही मुळात साधी, वर्णनापुरती भाषा होती, पुढे प्रोग्रामरांनी तिच्यात गणित घुसडले आणि ती हळूहळू प्रोग्रामिंगकडे सरकली, असे ते मत. या पुस्तकाची मांडणी याच्या उलट आहे. गणित या भाषेच्या जन्मापासूनच्या विचारात होते. ते काही काळ बाजूला ठेवले गेले, त्याची कारणे त्या वेळी रास्त होती, आणि ते परत आले तेव्हा मूळ प्रश्न घेऊनच आले. पानाच्या रूपावर लेखकाचा हक्क किती, वाचकाचा किती आणि पडद्याचा किती, हा तो प्रश्न. स्टाइलशीटमधले चांगले सूत्र म्हणजे या तीन वाटेकऱ्यांमधले वाटपपत्र असते. हे एकदा ध्यानात आले की कोणते सूत्र चांगले आणि कोणते नुसते चमकदार, हे बरेचसे आपोआप उमगते.

याचा पुरावा १९९४ सालचा आहे. हाकोन व्यूम ली यांनी त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत असताना स्टाइलशीटचा पहिला प्रस्ताव मांडला. त्यात दुसऱ्या पातळीचे शीर्षक २० पॉइंटचे असावे एवढे सांगून भागत नसे. त्या मागणीचा आग्रह किती टक्के, उदाहरणार्थ ४० टक्के, तेही पुढे लिहायचे होते. उरलेला हक्क दुसऱ्या स्टाइलशीटला, म्हणजे पुढे वाचकाच्या स्वतःच्या पसंतीला मिळावा आणि ब्राउझरने सगळ्यांच्या मागण्या त्या प्रमाणात एकत्र कराव्यात, असा तो बेत होता. लेखक आणि वाचक यांच्यातली भारित सरासरीच म्हणायची! त्याच प्रस्तावात लेख किती जुना आहे किंवा पडद्याची उंची किती आहे हे पाहून नियम बदलण्याची सोय सुचवली होती, आणि अक्षराचा आकार दीडपट करण्यासाठी चक्क गुणाकारही होता. आज ज्यांना नवी घुसखोरी म्हटले जाते त्या अटी आणि ती आकडेमोड पहिल्याच कागदावर होती.

त्यातले पुढे फारसे टिकले नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सीएसएसची पहिली आवृत्ती वेब महासंघाची अधिकृत शिफारस झाली तेव्हा टक्क्यांचा आग्रह जाऊन त्या जागी नियमांची साधी श्रेष्ठ-कनिष्ठता आली होती: दोघांपैकी एकाचा नियम पूर्ण लागू होणार, मधले काही नाही. हा निर्णय शहाणपणाचा होता असेच म्हणावे लागेल. अक्षरांच्या आकारांची सरासरी काढता येते, पण एकाला सेरिफ टाइप हवा आणि दुसऱ्याला सेरिफ नको, तर सरासरी कशाची काढणार? शिवाय त्या काळचे संगणक मंद होते, ब्राउझर अर्धवट होते आणि जी भाषा पंधरा मिनिटांत समजणार नाही ती कोणी वापरणार नाही अशी रास्त भीती होती. तरी गणित पूर्णपणे हद्दपार झाले नाही. ते एककांच्या आड राहिले. रुंदी ५० टक्के म्हणजे बाहेरच्या चौकटीच्या रुंदीला ०.५ ने गुणणे. दीड एम म्हणजे चालू अक्षराच्या आकाराला १.५ ने गुणणे. पहिल्या आवृत्तीतली ही दोन एकके म्हणजे एका चलाची फंक्शनेच होती. फक्त त्यांना गुणाकाराखेरीज काही येत नव्हते, आणि दोघांना एकत्र येण्याची मुभा नव्हती.

ही मुभा नसल्याचा जाच कसा होता ते आज नव्याने शिकणाऱ्याला सांगावे लागते. डाव्या बाजूला २०० पिक्सेलची पट्टी आणि उरलेल्या जागेत मजकूर, एवढीच मागणी घ्या. उरलेली जागा म्हणजे शंभर टक्के वजा २०० पिक्सेल. पाचवीतल्या मुलालाही सुचेल अशी ही वजाबाकी सीएसएसमध्ये लिहिता येत नव्हती. मग ऋण समास, टेबलांच्या आत टेबले, तरंगत्या चौकटी अशा क्लृप्त्यांचे एक शास्त्रच उभे राहिले, आणि वर्षानुवर्षे जाणकारांची हुशारी एका वजाबाकीला वळसा घालण्यात खर्ची पडली.

वजाबाकी मिळवण्याचे प्रयत्न मात्र सुरुवातीपासून झाले, आणि त्यांतूनच या क्षेत्रातले मुख्य संप्रदाय तयार झाले. पहिला संप्रदाय म्हणत होता की रूप लिहायला पुरती प्रोग्रामिंग भाषाच द्यावी. डीएसएसएसएल हे १९९६ चे आंतरराष्ट्रीय मानक स्कीम या भाषेवर उभे होते. त्याच वर्षी नेटस्केपने जावास्क्रिप्टमध्ये स्टाइलशीट लिहिण्याची कल्पना पुढे केली आणि आपल्या चौथ्या आवृत्तीत ती आणलीही. दोन्ही मागे पडली. मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या पाचव्या आवृत्तीत वेगळी वाट काढली: सीएसएसच्या कोणत्याही किमतीच्या जागी एक्स्प्रेशन नावाच्या फंक्शनात जावास्क्रिप्ट लिहा. हे फार लोकप्रिय झाले आणि त्याहून जास्त बदनाम झाले. आत कोणताही कोड असू शकत असल्याने उत्तर कधी बदलेल याचा ब्राउझरला अंदाज येत नसे. म्हणून तो ते पुन्हा पुन्हा मोजत बसे, पान सरकले तरी आणि माउस हलला तरी. शिवाय स्टाइलशीटमधून कोड चालवता येणे हे सुरक्षेच्या भिंतीला पडलेले भगदाडच होते. आठव्या आवृत्तीत, मानकांनुसार चालणाऱ्या पानांसाठी, मायक्रोसॉफ्टने ते स्वतःच बंद केले. सीएसएसमधल्या गणिताविषयी पुढे जे अविश्वासाचे वातावरण राहिले त्याला ही एक जुनी जखम बऱ्याच अंशी कारणीभूत आहे.

दुसरा संप्रदाय बंधनांचा. ग्रेग बाड्रोस, ॲलन बॉर्निंग, किम मॅरियट आणि पीटर स्टकी यांनी १९९९ मध्ये असे सुचवले की लेखकाने फक्त समीकरणे आणि असमीकरणे लिहावीत: ही चौकट त्या चौकटीच्या दुप्पट, तो स्तंभ निदान इतका रुंद. ती सोडवायचे काम कॅसोवरी नावाच्या पद्धतीने ब्राउझरने करावे. कल्पना देखणी होती, आणि हीच पद्धत पुढे ॲपलच्या ऑटो लेआउटमध्ये रोज कोट्यवधी पडद्यांवर राबू लागली. वेबवर मात्र ती रुजली नाही. माझ्या मते त्याचे कारण वेब पानाच्या घडणीत आहे. ढोबळ मानाने रुंदी बाहेरून आत जाते आणि उंची आतल्या मजकुरावरून बाहेर येते. या प्रवाहामुळेच लांबच लांब पान पूर्ण उतरण्याआधी दाखवायला सुरुवात करता येते. कोणत्याही चौकटीने कोणत्याही चौकटीशी समीकरण मांडले तर हा प्रवाह तुटतो, आणि दोन समीकरणे एकमेकांना छेद देऊ लागली की कोणते सोडून द्यायचे हे लेखकाला उमगत नाही.

तिसरा संप्रदाय व्यवहारी. २००६ मध्ये सॅस आणि २००९ मध्ये लेस ही साधने आली. यांत आकडेमोड, चले, स्वतःची फंक्शने, सगळे होते, पण ते सारे पान प्रकाशित होण्याआधी लेखकाच्या संगणकावर उरकायचे आणि ब्राउझरला तयार आकडे द्यायचे. याच सुमारास, २००९-१० मध्ये, ईथन मार्कॉट यांनी प्रवाही जाळी आणि त्यावर उभी असलेली प्रतिसादी मांडणी लोकप्रिय केली. तिच्या मुळाशी एकच भागाकार होता: हवी असलेली रुंदी भागिले बाहेरच्या चौकटीची रुंदी. तो भागाकार लोक गणकयंत्रावर करत आणि दशांशचिन्हानंतरचे सात-आठ आकडे जसेच्या तसे स्टाइलशीटमध्ये चिकटवत. सॅसमुळे तो त्रास वाचला. पण मूळ अडचण सॅसही सोडवू शकत नव्हते, कारण शंभर टक्क्यांतून २०० पिक्सेल वजा करायचे तर ते शंभर टक्के किती पिक्सेल होतात हे ठाऊक हवे, आणि ते फक्त वाचकाच्या ब्राउझरला ठाऊक असते. उत्तराला लागणारी माहिती जिथे आहे तिथेच गणित व्हायला हवे, हा साधा मुद्दा या संप्रदायाच्या यशातून आणि मर्यादेतूनच स्पष्ट झाला.

चौथा संप्रदाय आज प्रचलित आहे. त्याचा आरंभ कॅल्क या फंक्शनाने झाला. मार्च २०११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररची नववी आणि फायरफॉक्सची चौथी आवृत्ती एका आठवड्याच्या अंतराने आली, आणि दोन्हींत ते होते, फायरफॉक्समध्ये अजून प्रायोगिक नावाने. कॅल्कला बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार एवढेच येते आणि त्याची ताकद त्याच्या मनाईत आहे. आत कोड लिहिता येत नाही. शेजारच्या चौकटीची उंची विचारता येत नाही. टक्का लिहिला तर तो ठरलेल्या एकाच गोष्टीचा, बहुधा बाहेरच्या चौकटीचा. त्यामुळे उत्तर कशावर अवलंबून आहे हे ब्राउझरला सूत्र वाचताच कळते, आणि ती गोष्ट बदलेपर्यंत ते पुन्हा मोजावे लागत नाही. एक्स्प्रेशनच्या अनुभवावरून कॅल्कला मंद ठरवणे त्यामुळे चूक आहे. एकाला मोकाट सोडले होते, दुसऱ्याचे हात बांधूनच त्याला आत घेतले आहे.

या मनाईतली एक शिस्त तर शाळेतल्या भौतिकशास्त्राची आहे: लांबीत लांबी मिळवा, कोनात कोन, पण लांबीत नुसता आकडा मिळवू नका, आणि लांबीला लांबीने गुणू नका, कारण पडद्यावर चौरस पिक्सेलचा समास नसतो. लांबीला लांबीने भागायलाही बरीच वर्षे बंदी होती, आणि ती तर्काने समर्थनीय नव्हती, कारण भागाकाराचे उत्तर शुद्ध आकडा असते. लोकांनी त्यातून पळवाट शोधली. आर्कटॅन-दोन या फंक्शनाला दोन लांब्या चालतात आणि त्यातून कोन मिळतो. त्या कोनाचा टॅन्जंट काढला की नेमके गुणोत्तर हाती येते. भागाकारासाठी त्रिकोणमितीला प्रदक्षिणा घालावी लागावी, यात गंमतही आहे आणि नियम करणाऱ्यांना चिमटाही. ही बंदी आता मानकातून उठली आहे आणि ब्राउझर एकेक करून ती उठवत आहेत. नवशिक्याला रडवणारा आणखी एक नियम असा की अधिक आणि वजा या चिन्हांच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडावीच लागते. वजाचे चिन्ह आकड्याला लागून असले तर ते ऋण आकडा समजले जाते, आणि मग दोन आकड्यांमध्ये क्रियाच उरत नाही. अशी ओळ ब्राउझर कोणतीही तक्रार न करता टाकून देतो.

वाटपाचा मुद्दा सर्वांत स्वच्छ दिसतो तो क्लॅम्प या फंक्शनात. किमान, कमाल आणि क्लॅम्प ही त्रयी एप्रिल २०२० पर्यंत सगळ्या मुख्य ब्राउझरांत पोचली. क्लॅम्पला तीन किमती द्यायच्या: खालची मर्यादा, मधली हवी असलेली किंमत आणि वरची मर्यादा. मजकुराचा आकार ३२० पिक्सेलच्या पडद्यावर १६ पिक्सेल आणि १२८० पिक्सेलच्या पडद्यावर २० पिक्सेल हवा, मधे तो सरळ रेषेत वाढावा, असे समजा. महाराष्ट्र बोर्डाच्या दहावीच्या भूमितीत रेषेचा चढ शिकवतात, तेवढ्यावर हे सुटते. चढ म्हणजे ४ भागिले ९६०, म्हणजे पडद्याच्या रुंदीचा ०.४१६७ टक्के. रुंदी शून्य धरली तर उरणारी किंमत १४.६७ पिक्सेल, म्हणजे ०.९१६७ रेम. मधली किंमत म्हणून ०.९१६७ रेम अधिक ०.४१६७ व्हीडब्ल्यू, खाली १ रेम, वर १.२५ रेम. आता यात कोणाचा वाटा कुठे आहे पाहा. रेम हे एकक वाचकाने ठरवलेल्या मूळ आकाराला बांधलेले आहे, तो वाचकाचा हिस्सा. व्हीडब्ल्यू पडद्याच्या रुंदीला बांधलेले आहे, तो पडद्याचा. आणि ०.९१६७, ०.४१६७ हे गुणक आणि दोन मर्यादा लेखकाच्या. १९९४ च्या प्रस्तावातली टक्केवारी वेगळ्या वेषात इथे परत आली आहे.

अशा प्रवाही, म्हणजे पडद्याबरोबर लहानमोठ्या होणाऱ्या, अक्षरांवरचा सर्वांत गंभीर आक्षेपही याच हिशेबाने तपासता येतो. अशी अक्षरे दृष्टिबाधित वाचकाला त्रासाची ठरतात, असा तो आक्षेप आहे आणि तो खराच आहे, पण कोणत्या सूत्रांबाबत? आकार नुसता २ व्हीडब्ल्यू लिहिला तर १२८० पिक्सेलच्या पडद्यावर तो २५.६ पिक्सेल येतो. वाचकाने पान दुप्पट मोठे केले की ब्राउझरच्या लेखी रुंदी ६४० उरते, आकार १२.८ होतो, दुप्पट करून पुन्हा २५.६. वाचक बटण दाबत राहतो आणि अक्षर जागचे हलत नाही. वेबच्या सुगम्यता-निकषांनुसार मजकूर २०० टक्क्यांपर्यंत मोठा करता आला पाहिजे. इथे तो निकष सरळ मोडतो, कारण सूत्रात वाचकाचा वाटाच ठेवलेला नाही. क्लॅम्प वापरला तर निदान किती सुरक्षितता मिळते हेही काढता येते. ब्राउझर ५०० टक्क्यांपर्यंत मोठे करू देत असेल तर तिथे अक्षर निदान खालच्या मर्यादेच्या पाचपट असणार. मूळ अक्षर जास्तीत जास्त वरच्या मर्यादेइतके होते, त्याच्या दुप्पट हवे. म्हणजे वरची मर्यादा खालचीच्या अडीचपटीपेक्षा जास्त नसली की निकष पाळला जातो. एवढी आकडेमोड केली की आक्षेपाचे रूपांतर नियमात होते. प्रवाही अक्षरांवर सरसकट बंदी घालणाऱ्यांनी आणि ती सरसकट वापरणाऱ्यांनी, दोघांनीही हा अडीचपटीचा हिशेब करून पाहावा.

पुढची फंक्शने झपाट्याने आली. साइन, कोसाइन आणि त्यांचे भाऊबंद मार्च २०२२ ते मार्च २०२३ या एका वर्षात सगळ्या मुख्य ब्राउझरांत पोचले. वर्गमूळ, घातांक आणि लॉगॅरिदम २०२३ च्या अखेरीला, पूर्णांकन आणि भागाकाराची बाकी मे २०२४ मध्ये, आणि केवलमूल्य, जे सर्वांत सोपे, ते सर्वांत शेवटी म्हणजे २०२५ मध्ये. त्रिकोणमिती म्हटले की वर्तुळावर मांडलेली चित्रे आणि फिरती चक्रे दाखवण्याची प्रथा पडली आहे, आणि त्यामुळे अनेकांचा समज झाला आहे की हा हौशी कलाकारांचा प्रांत आहे. प्रत्यक्षात तिचा उपयोग अगदी रोजच्या कामात होतो. पानावर ३ अंश तिरका रंगीत पट्टा आहे असे घ्या. त्याची एक बाजू दुसरीपेक्षा किती खाली जाते? रुंदी गुणिले ३ अंशांचा टॅन्जंट: १२८० पिक्सेलच्या पडद्यावर ६७ पिक्सेल, ३६० च्या फोनवर जेमतेम १९. पूर्वी लोक ०.०५२४ हा आकडा कुठून तरी काढून लिहीत, आणि कोन बदलला की आकडा बदलायचा विसरत. आता कोन एकदाच लिहायचा. पूर्णांकनाचे महत्त्व त्याहून कमी दिसते पण जास्त आहे. ओळींची उंची आणि चित्रांची उंची एकाच पटीत ठेवायची तर ते लागतेच. शिवाय ब्राउझर आतून पिक्सेलचेही तुकडे करतात, क्रोम ६४ आणि फायरफॉक्स ६०, त्यामुळे एकाच सूत्राची उत्तरे दोघांत केसभर वेगळी पडू शकतात. लॉगॅरिदमचा रोजच्या मांडणीत उपयोग मला अजून पटलेला नाही, आणि पुस्तकातही त्याला बेताचीच जागा आहे.

आता मूळ विरोधाकडे. हाकोन ली यांच्याबरोबर सीएसएस घडवणारे बर्ट बॉस यांनी २००८ मध्ये एक निबंध लिहिला. सीएसएसमध्ये चले आणणे घातक का, हा त्याचा विषय. मुद्दा थोडक्यात असा: ही भाषा प्रोग्रामर नसलेल्यांसाठी आहे, लोक ती दुसऱ्यांची स्टाइलशीट वाचून आणि उतरवून शिकतात, आणि नावे व व्याख्या आल्या की वाचणे अवघड होते. २०१६ पर्यंत चले आलीच, म्हणजे तो वाद ते हरले. पण वाद हरला म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही. ०.९१६७ अधिक ०.४१६७ ही ओळ परक्या माणसाने वाचली तर त्याला ३२०, १२८०, १६ आणि २० या मूळ चार आकड्यांचा पत्ता लागत नाही. इथे बॉस बरोबर आहेत. त्यांच्या विरोधात एवढेच म्हणता येते की भाषेला साधे ठेवल्याने गुंतागुंत नाहीशी झाली नाही. ती सॅसच्या फायलींत गेली, आणि वाचकाच्या ब्राउझरमध्ये जे पोचत होते ते तयार आकड्यांचे ढिगारे होते, त्यांवरून कोणी काय शिकणार? चले आणि सूत्रे एकत्र वापरली तर ते चार मूळ आकडे नावासकट स्टाइलशीटमध्येच ठेवता येतात आणि चढ ब्राउझरला काढू देता येतो. म्हणजे चलांना विरोध करणाऱ्या बॉस यांना हवी असलेली वाचनीयता चलांमुळेच साधते. सगळेच लेखक तसे लिहितात असे नाही, आणि तिथे दोष भाषेला देता येत नाही.

दुसरा आक्षेप याहून ताजा आणि मला जास्त वजनदार वाटतो. फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड आल्यावर मांडणीचे बरेच गणित ब्राउझर स्वतःच करतो. मोकळी जागा हिश्श्यांत वाटणारे एफआर हे एकक असताना शंभर टक्के वजा २०० पिक्सेल कशाला लिहायचे? खरे आहे, लिहू नये. जुन्या स्टाइलशीटमधल्या कॅल्कच्या अर्ध्याअधिक ओळी आज खोडण्यासारख्या आहेत, असे मी बेधडक म्हणेन. पण ग्रिड मोकळी जागा कशी वाटायची ते सांगते. मुळात कोणत्या आकाराच्या खाली जायचे नाही, हे सांगायला पुन्हा सूत्रच लागते. स्तंभ निदान १८ रेमचे असावेत, जमतील तितके बसवावेत, असे ग्रिडला सांगितले आणि पडदा १८ रेमपेक्षा अरुंद निघाला तर स्तंभ बाहेर ओसंडतो. ती १८ रेमची जागा किमान फंक्शनात घालून, शंभर टक्के आणि १८ रेम यांतले जे लहान ते घे, असे म्हटले की प्रश्न मिटतो. एवढी एक ओळ पडद्याच्या रुंदीनुसार लिहिलेल्या तीन-चार अटींची सुट्टी करते.

मराठीत हे पुस्तक लिहिण्यामागे भाषाप्रेमाइतकेच एक तांत्रिक कारणही आहे. जगभर फिरणारी तयार सूत्रे रोमन लिपी गृहीत धरतात. ओळीची लांबी ६५ सीएच ठेवा हा सल्ला सर्वत्र दिसतो. सीएच म्हणजे चालू फॉन्टमधल्या शून्याच्या अंकाची रुंदी, आणि तिचा रोमन अक्षरांच्या सरासरी रुंदीशी जो अंदाजे मेळ बसतो तो देवनागरीच्या जोडाक्षरांशी बसत नाही. ईएक्स हे एकक तर रोमन छोट्या एक्सच्या उंचीवर उभे आहे. शिरोरेषेवर वेलांटी, मात्रा आणि रफार, खाली उकार आणि र-कार, यांना जागा लागते. रोमनसाठी बसवलेली दीडपट ओळउंची मराठी मजकुराला पुष्कळदा कोंदट होते, आणि ‘कीर्ती’तला रफार वरच्या ओळीतल्या ‘मृत्यू’च्या दीर्घ उकाराला टेकतो. उपाय म्हणून मराठीसाठी वेगळी स्टाइलशीट ठेवायची गरज नाही. ओळउंचीच्या आणि ओळलांबीच्या सूत्रांत एक गुणक चल म्हणून ठेवावा आणि पानावरचा मजकूर मराठी आहे असे नोंदवलेले असेल तिथे तो बदलावा. सूत्र तेच, वाटपही तेच, फक्त लिपीचा आकडा वेगळा. तो आकडा फॉन्टागणिक बदलतो. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त हा फॉन्ट आणि संगणकात आधीच असलेला एखादा फॉन्ट यांना एकच गुणक चालेल असे मानू नये. पक्क्या आकड्यांच्या स्टाइलशीटमध्ये हा बदल पन्नास ठिकाणी करावा लागतो, हे कोणत्याही मराठी वृत्तपत्राच्या द्वैभाषिक संकेतस्थळाची मांडणी सांभाळणाऱ्याला सांगायला नको.

अशा स्थितीत हे पुस्तक काय करू पाहते? फंक्शनांची यादी आणि त्यांचे व्याकरण ब्राउझरांच्या दस्तऐवजांत मिळते, ते इथे पुन्हा छापलेले नाही. प्रत्येक ठिकाणी आधी प्रश्न येतो, मग त्यातल्या राशी कोणत्या आणि त्या कोणाच्या ताब्यात आहेत हे ठरते, आणि सूत्र त्यानंतर. पक्का आकडाच योग्य आहे असा निष्कर्ष जिथे निघतो तिथे तसे स्पष्ट म्हटले आहे. चौकटीची कड १ पिक्सेल हवी असेल तर ती १ पिक्सेल लिहावी. किमान-कमाल फंक्शनांची कसरत करून त्यांतून अटी बनवण्याची जी कला मधल्या काळात बहरली, तिला मुद्दाम थोडी जागा दिली आहे. तिच्यातली बुद्धिमत्ता वादातीत आहे, पण २०२५ मध्ये क्रोममध्ये इफ हे अटीचे फंक्शन आणि स्वतःची फंक्शने लिहिण्याची सोय आल्यावर तशा ओळी नव्या कामात लिहिण्याचे कारण उरेनासे होत चालले आहे. या दोन नव्या सोयींनी १९९४ च्या प्रस्तावातल्या अटीही परत आणल्या आहेत. त्या कॅल्कसारख्याच शिस्तीत राहतील की एक्स्प्रेशनच्या वाटेला जातील, हे त्यांच्या आत काय लिहायला मनाई राहते यावर ठरेल. आजवरचा मसुदा पाहता मनाई पुरेशी कडक दिसते.

वाचकाकडून अपेक्षा मोजक्या आहेत. सीएसएसचे निवडक (सिलेक्टर) आणि गुणधर्म माहीत असावेत, ग्रिडशी तोंडओळख असावी, आणि दहावीपर्यंतचे बीजगणित व त्रिकोणमिती आठवत नसली तरी पुन्हा पाहण्याची तयारी असावी. जिथे लागेल तिथे चढ, गुणोत्तर आणि कोनांची उजळणी मजकुरातच केली आहे. रंगांची गणिते, म्हणजे एका रंगातून उजेड वाढवून दुसरा काढणे, हा विषय याला लागूनच आहे, पण त्याला रंगविज्ञानाची वेगळी तयारी लागते, म्हणून तो बाहेर ठेवला. उदाहरणांतली उत्तरे हाताने काढून दिली आहेत. ब्राउझरच्या तपासणी-खिडकीत ती ताडून पाहताना दुसऱ्या-तिसऱ्या दशांश स्थानी फरक दिसला, तर आधी त्या ब्राउझरचा ६४ आणि ६० चा हिशेब आठवावा.